हौसेने काढलेला फोटो जातो कुठे?



स्मरणिकेच्या समितीने मला "फोटोंबद्दल काहीतरी लिही" असे सांगितले, ते साहजिकच आहे. पोट एका कामावर आणि जीव कॅमेऱ्यात, अशीच माझी आजवरची वर्षे गेली. गावात, लग्नकार्यात, एस.टी.त कोणी ओळखीचे भेटले की पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा असतो. कोणता घेतलास, केवढ्याला पडला, लांबचे किती येते? काढलेल्या फोटोंचे पुढे काय करतोस, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. हौशी माणसाची खरी अडचण तिथेच सुरू होते. धंदेवाईक फोटोग्राफरचे गिऱ्हाईक आधी ठरलेले असते, फोटो नंतर निघतो. हौशी माणसाचा फोटो आधी निघतो आणि मग त्याला बघणारा शोधावा लागतो.

हा शोध पावणेदोनशे वर्षे चालू आहे. आपल्या मुलखात त्याची सुरुवात कशी झाली, त्यातून कोणत्या वाटा निघाल्या आणि त्यातली कोणती वाट आपल्यासारख्या भीमाकाठच्या खेड्यातल्या माणसाच्या उपयोगाची आहे, हे मी जमेल तसे मांडतो. शेवटी शाळेसाठी एक काम सुचवणार आहे, तेवढे मात्र वाचाच.

मुंबईची मंडळी

फोटोचे तंत्र पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाले. लंडनमध्ये छायाचित्रणाची संस्था निघाली १८५३ साली, आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८५४ मध्ये, मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. भारतातली ही पहिली. कलकत्ता आणि मद्रास इथल्या संस्था १८५६ च्या. मुंबईच्या संस्थेची सदस्यसंख्या थोड्याच काळात दोनशेच्या पुढे गेली. सदस्यांत लष्करी अधिकारी होते, कंपनी सरकारचे नोकर होते, डॉक्टर होते, आणि आपल्याला अभिमान वाटावा असे डॉ. भाऊ दाजी लाडही होते. कुष्ठरोगावर औषध शोधणारे, शिलालेख वाचणारे, मुंबईचे संग्रहालय उभे राहावे म्हणून झटणारे भाऊ दाजी कॅमेराही चालवीत. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही छायाचित्रण करीत.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे एक उद्योगच होता. काचेवर औषध पसरायचे, ते ओले असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. तंबू, बाटल्या, पाणी, हमाल, सगळे बरोबर. एवढा खटाटोप करून काढलेला फोटो दाखवायचा कोणाला? म्हणून ही सोसायटी. सभेत सदस्य आपापले फोटो आणीत, ते हातोहात फिरत, कोणते औषध किती घातले यावर चर्चा होई आणि ती पुढे संस्थेच्या नियतकालिकात छापली जाई. आजच्या भाषेत सांगायचे तर तो त्यांचा ग्रुप होता. फरक एवढाच, की तिथे फोटोवर बोलायला माणसाला समोर बसावे लागे.

१८५५ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गातून शिकून बाहेर पडलेल्यांपैकी हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला. पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांत त्यांची गणना होते. फोटोग्राफी हा शाळेत शिकायचा विषय आहे, हे मुंबईला १८५५ साली कळले होते. आपल्याला चित्रकलेच्या तासाला कागदाच्या भेंडोळीतून मैदान बघायला लावत, त्यामागचे शास्त्र मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

विकण्याची पहिली मोठी वाटही याच मंडळींनी काढली. मुंबईत सरकारी नोकरीत असलेले विल्यम जॉन्सन आणि त्यांचे जोडीदार विल्यम हेंडरसन यांनी डिसेंबर १८५६ पासून एक मासिक अल्बम काढला. त्याच्या नावातच 'अ‍ॅमेच्युअर', म्हणजे हौशी, हा शब्द होता. महिन्याला एक अंक, अंकात तीन फोटो आणि त्यांची माहिती. असे २४ अंक निघाले, म्हणजे ७२ फोटो. फोटो छापण्याचे तंत्र तेव्हा नव्हते, त्यामुळे प्रत्येक प्रतीसाठी प्रत्येक फोटो वेगळा तयार करून पानावर चिकटवावा लागे. मुंबईच्या इमारती, लेणी, आणि इथल्या वेगवेगळ्या जातिजमातींची माणसे, असे त्याचे विषय. आज हे अंक मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत.

ते टिकले कसे, हे बघण्यासारखे आहे. ते एका घरात राहिले नाहीत, वर्गणीदारांच्या घरोघरी गेले. दुसरे म्हणजे, फोटोबरोबर माहिती छापलेली होती. ज्या फोटोच्या अनेक प्रती निघाल्या आणि ज्याच्यावर नाव लिहिले गेले, तो राहिला. पुढच्या सगळ्या इतिहासात हाच अनुभव पुन्हा पुन्हा येतो.

या अल्बमची उणी बाजूही सांगितली पाहिजे. त्यातल्या माणसांच्या फोटोखाली जात लिहिलेली आहे, धंदा लिहिलेला आहे, पण माणसाचे नाव बहुधा नाही. कॅमेऱ्यामागच्याचे नाव राहिले, समोरचा निनावीच राहिला.

दुष्काळ आणि केडगाव

हा प्रश्न दुष्काळात फार टोकाला गेला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळली. पुणे, नगर, सोलापूर हे जिल्हे त्यात होते, म्हणजे आपलीच गावे. दक्षिणेत मद्रास इलाख्यात त्याच दुष्काळाचे फोटो विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने काढले. हा हौशी छायाचित्रकार. हाडांचे सापळे झालेली माणसे ओळीने बसवून काढलेले ते फोटो इंग्लंडमध्ये पोहोचले. त्यामुळे दुष्काळाची भीषणता तिकडे कळली, पण हूपरवर टीकाही झाली. उपाशी माणसाला कॅमेऱ्यापुढे बसवणाऱ्याने आधी त्याला खायला का घातले नाही, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो आजही जुना झालेला नाही. पूर आला, अपघात झाला, की आपल्यापैकी किती जणांचा हात आधी मोबाईलकडे जातो ते आठवून बघा.

त्यानंतरच्या, म्हणजे १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळात फोटोचा दुसरा उपयोग आपल्या अगदी जवळ झाला. भीमा ओलांडून दौंड तालुक्यात गेले की केडगाव. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना तिथल्या मुक्ती सदनात आसरा दिला. एवढ्या मुलींना जेवू घालायचे, शिकवायचे, तर पैसा लागणार. मुक्ती मिशनची माहिती देणारी पत्रके आणि पुस्तके परदेशात जात, त्यांत या मुलींची छायाचित्रे छापलेली असत, आणि ती पाहून देणग्या येत. त्या फोटोंची किंमत कोणाच्या खिशात गेली नाही, धान्यात आणि वह्यापुस्तकांत उतरली. केडगावला आपण लहानपणापासून जातो ते रेल्वे स्टेशनसाठी किंवा बाजारासाठी. इथल्या मुलींचे फोटो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सातासमुद्रापार गेले होते, हे आपल्याला शाळेत कोणी सांगितले असते तर इतिहासाचे पुस्तक जरा जवळचे वाटले असते.

छापखाना आला

फोटो सरळ शाईने छापता येऊ लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. हाफटोन म्हणतात ते तंत्र. आपल्या जुन्या वर्तमानपत्रातला फोटो डोळ्यांजवळ धरला की बारीक ठिपके दिसतात, ते हेच. दादासाहेब फाळके हे चित्रपटांकडे वळण्याआधी याच धंद्यात होते. त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले, गोध्र्यात स्टुडिओ काढला, पुरातत्त्व खात्यात काम केले आणि पुढे लोणावळ्याला छपाईचा कारखाना चालवला. मग १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'. त्यांच्या चित्रपटाची मुळे फोटोच्या काचेत आणि छापखान्याच्या शाईत होती.

याच सुमारास कॅमेरा सोपा झाला. १८८८ साली ईस्टमनने कोडॅक कॅमेरा विकायला काढला, त्यात १०० फोटोंची फिल्म भरलेली असे. १९०० साली आलेला ब्राउनी कॅमेरा अमेरिकेत एका डॉलरला मिळे. औषधे, तंबू, हमाल सगळे गेले. हौशी माणूस कारकून असो, मास्तर असो, फोटो काढू लागला. त्याला दाखवायला नवी जागाही मिळाली, ती म्हणजे वर्तमानपत्रे आणि मासिके.

या वाटेने गेलेल्या होमाई व्यारावाला यांची गोष्ट मला फार आवडते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकत होत्या. मैत्रिणींच्या सहलीचे त्यांनी काढलेले फोटो मुंबईच्या 'बॉम्बे क्रॉनिकल'ने घेतले, आणि मोबदला दिला फोटोमागे एक रुपया. पुढे त्यांचे फोटो 'इलस्ट्रेटेड वीकली'त आले, तेव्हा सुरुवातीला खाली नाव असे त्यांच्या पतींचे, माणेकशॉ यांचे. पुढे स्वातंत्र्याच्या काळातले दिल्लीतले कितीतरी प्रसंग त्यांनी टिपले. देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. सहलीच्या फोटोपासून पद्मविभूषणापर्यंत! आपल्या वर्गातल्या मुलींच्या हातात आपण सहलीत कॅमेरा कधी दिला होता का, हे मात्र विचारू नका.

सलोन आणि पोस्टाची पार्सले

विसाव्या शतकात हौशी मंडळींनी स्वतःची एक दुनिया उभी केली. मुंबईत १९३७ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली. १९५३ साली देशभरच्या क्लबांचा मिळून फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी हा महासंघ झाला, आणि बंगळूरच्या डॉ. जी. थॉमस यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. या क्लबांच्या स्पर्धात्मक प्रदर्शनांना 'सलोन' म्हणतात. केस कापायच्या दुकानाशी त्याचा संबंध नाही, फ्रेंच भाषेत चित्रप्रदर्शनाला तो शब्द आहे.

सलोनची पद्धत अशी. मोठ्या कागदावर, साधारण १२ बाय १५ इंचांचा, आपला उत्तम फोटो तयार करायचा. मागे नाव आणि शीर्षक लिहायचे. प्रवेशशुल्क आणि परतीचा टपालखर्च जोडून पोस्टाने पाठवायचा. परीक्षक निवड करीत, निवडलेले भिंतीवर लागत, सूचीपुस्तकात नाव छापले जाई, आणि काही महिन्यांनी फोटो घरी परत येई तो मागच्या बाजूला त्या सलोनचे लेबल घेऊन. परदेशच्या सलोनमध्ये जाऊन आलेल्या फोटोची पाठ देवदर्शन करून आलेल्या यात्रेकरूच्या झोळीसारखी लेबलांनी भरलेली असे. ठरावीक संख्येने फोटो निवडले गेले की आंतरराष्ट्रीय महासंघाची पदवी मिळे आणि ती नावापुढे लावता येई. पैसा जवळजवळ नाही, उलट खर्चच. पण बँकेतला, रेल्वेतला, शाळेतला माणूस एका खोलीतल्या अंधारात लाल दिव्याखाली काम करून आपला फोटो युरोपात पाठवू शकत होता. ही पद्धत आजही आहे, फक्त पार्सलाऐवजी फाईल जाते.

आपल्या भागातल्या वाटा

आपल्या बालपणी या सगळ्यातले काय पोहोचले होते? आपल्याकडे घरात कॅमेरा असणे ही मोठी गोष्ट. कोणाकडे असलाच तर तो आगफा क्लिक थ्री. रोलमध्ये फोटो बाराच. बारावा फोटो शिल्लक राहिला म्हणून रोल महिनाभर कॅमेऱ्यात, आणि मग बैलपोळ्याला बैलांचा फोटो काढून रोल संपवायचा. धुवायला शिरूर किंवा दौंड. आठ दिवसांनी पाकीट हातात पडले की त्यातले चार काळे, दोन हललेले. उरलेल्या सहांसाठी अख्खी आळी जमायची.

आपल्याही भागात दाखवण्याच्या जागा होत्याच. पहिली, घराची भिंत. एका मोठ्या काचेच्या चौकटीत पाच-पंचवीस फोटो तिरपे-सरळ लावलेले, मधोमध आजोबा. दुसरी, तालुक्याच्या स्टुडिओची काचेची शोकेस. तिथे आपला फोटो लागणे म्हणजे गावभर चर्चा. तिसरी, जत्रेतला पडदा. मागे ताजमहाल किंवा विमान रंगवलेले, समोर आपण. चौथी, वर्तमानपत्र. गावातला वार्ताहर पुराचा किंवा सप्ताहाचा फोटो पाकिटात घालून पुण्याच्या एस.टी.ने पाठवी आणि मग दोन-तीन दिवस सगळे चावडीवर पेपरची वाट बघत.

आणि पाचवी, शाळा. दहावीच्या निरोप समारंभाचा तो सामूहिक फोटो. पुढे खुर्च्यांवर सर आणि बाई, मध्ये उभी रांग, मागे बाकावर चढलेले उंच. कायद्याच्या दृष्टीने या फोटोची एक मजेशीर बाजू आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे फोटोचा कर्ता तो काढणारा. पण कोणी पैसे देऊन फोटो काढवून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे शाळेने पैसे देऊन काढवून घेतलेल्या ग्रुप फोटोचा हक्क शाळेकडे. पण आपण हौसेने काढलेल्या, कोणी न सांगितलेल्या फोटोचा हक्क आपला स्वतःचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, म्हणजे कवीला आणि लेखकाला असतो तेवढाच.

हे मी पदरच्या अनुभवाने सांगतो. भीमेच्या घाटावर पहाटेच्या धुक्यात मी काढलेला एक फोटो एका संस्थेच्या दिनदर्शिकेवर मला दिसला. विचारले नव्हते, नाव नव्हते. संस्थेचे नाव इथे लिहीत नाही, कारण मुद्दा त्या संस्थेचा नाही. "नेटवर मिळाला" हे उत्तर मला मिळाले. नेटवर मिळालेली वस्तू बेवारस असते, असे आपल्याला वाटू लागले आहे. शेजाऱ्याच्या बांधावरचा आंबा हाताला लागतो म्हणून आपण तो न विचारता तोडत नाही. फोटोलाही तोच न्याय हवा.

भिंत कोणाची?

मोठ्या शहरात प्रदर्शनाची परंपरा जुनी. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चे, आणि त्याच्या कलादालनात हौशी छायाचित्रकारांची प्रदर्शने नेहमी भरतात. नोकरीनिमित्त पुण्यात आलो, तेव्हा नाटकाच्या तिकिटाला पैसे नसले तरी कलादालनात फुकट शिरता येते, हा शोध मला लागला आणि माझे अर्धे शिक्षण तिथे झाले. व्यवसायाने छायाचित्रकार नसलेल्या पण त्यात नाव मिळवलेल्यांत उद्धव ठाकरे यांचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. आकाशातून टिपलेल्या गडकोटांचे त्यांचे 'महाराष्ट्र देशा' हे पुस्तक २०१० साली आले. पुण्याचे संदेश भंडारे यांनी वारी आणि तमाशा या विषयांवर वर्षानुवर्षे फोटो काढून त्यांची पुस्तके केली. एकच विषय धरून अनेक वर्षे काम केले की त्याचे पुस्तक होते, सुटे सुंदर फोटो कितीही असले तरी होत नाही.

पण दालनाचे भाडे, चौकटी, वाहतूक हा खर्च हौशी माणसाला झेपत नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी यावर दिलेले उत्तर मला सर्वांत जवळचे वाटते. खेड्यातल्या स्त्रिया करीत असलेल्या कष्टांवरचे त्यांचे फोटोप्रदर्शन त्यांनी मुद्दाम बसस्थानके, रेल्वे स्टेशने, कारखान्यांची फाटके, गावचे चौक अशा ठिकाणी लावले. ज्या बायकांचे फोटो, त्यांच्यासारख्याच बायका डोक्यावर पाटी घेऊन ते बघत. दालनात जाणारा माणूस फोटो बघायला म्हणूनच जातो. चौकातला माणूस कामाला चाललेला असतो, आणि त्याला थांबवील तो फोटो खरा.

आजचा बाजार

आता मोबाईलने सगळ्यांना छायाचित्रकार केले आहे. विकायचे असेल तर छायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय एजन्सी इंटरनेटवर आहेत. शटरस्टॉक २००३ पासून, अलामी त्याच्याही आधीपासून. आपण फोटो चढवायचा, नीट शीर्षक आणि शोधशब्द द्यायचे, कोणी वापरला की आपला वाटा जमा होतो. एका फोटोचे फार मिळत नाही, शेकडो फोटो असतील तर थोडेफार जमते. जाहिरातीसाठी विकायचा असेल तर फोटोतल्या माणसाचे लेखी संमतीपत्र लागते. आणि एक गंमत सांगतो. तिकडे सूर्यास्ताचे फोटो पोत्याने पडलेले आहेत. ऊसतोडीच्या कोयत्याचे, कांद्याच्या वखारीचे, गुऱ्हाळाच्या काहिलीचे त्या मानाने थोडे. आपल्याला जे रोजचे वाटते, त्याची तिकडे वाण आहे.

पैसा सरळ फोटोतूनच येतो असेही नाही. आपल्याच भीमेच्या पाण्यावर खाली उजनीचा जलाशय आहे. भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि त्यांच्या मागे कॅमेरेवाले. त्यांना पाण्यात नेणाऱ्या नावा तिथल्या मच्छीमारांच्या. हौशी माणसाच्या छंदावर तिथली काही घरे चालतात, पक्षी कुठे उतरतो हे त्या नावाड्याला पुस्तकवाल्यापेक्षा अधिक कळते.

द्यायचेच असेल तर विकिमीडिया कॉमन्स आहे. २००४ साली सुरू झालेल्या या भांडारात फोटो दिला की तो जगात कोणीही वापरू शकतो, मात्र आपले नाव देण्याची अट घालता येते. मराठी विकिपीडियावर आपल्या तालुक्यातल्या कितीतरी गावांच्या पानांवर चित्र नाही, ती जागा आपल्यासाठीच मोकळी आहे. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेले 'पारी' हे ग्रामीण भारताचे संग्रहस्थळ मराठीतही वाचता येते. आणि अनुषा यादव यांनी २०१० मध्ये मुंबईतून सुरू केलेला 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' लोकांच्या घरातले जुने कौटुंबिक फोटो त्यांच्या गोष्टींसह जमवतो. ट्रंकेतला फोटो देशाचा इतिहास होऊ शकतो, हे त्याने दाखवून दिले.

आपण मात्र सगळे एकाच ठिकाणी टाकतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. तिथे नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, कधी आणि कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही आतली नोंद पुसली जाते, आणि चार ग्रुप फिरून आला की तो कोणाचा हे कोणालाच ठाऊक नसते. मूळ फोटो पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. एवढे केले तरी पुष्कळ वाचेल.

शाळेसाठी एक काम

आपल्या तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे तिथे सापडली. उत्खननाच्या फोटोत नेहमी एक मोजपट्टी ठेवलेली असते, आणि प्रत्येक फोटोची वहीत नोंद असते. कुठला खड्डा, कोणता थर, कोणती तारीख. नोंद नसलेला फोटो त्यांच्या दृष्टीने नुसता मातीचा फोटो.

आपले ग्रुप फोटो आज त्याच वाटेवर आहेत. मला या वर्षी तीन तुकड्यांचे फोटो बघायला मिळाले, एकाच्याही मागे नावे नव्हती. काही गुरुजन आता आपल्यात नाहीत. काही वर्गमित्रही गेले. मुलांची नावे कोणीतरी सांगते, पण मुलींजवळ येऊन बोट थांबते. लग्नानंतर नाव बदलले, आडनाव बदलले, गाव बदलले, आणि फोटोत ती नुसती "ती दोन वेण्यांवाली" उरली. मुंबईच्या त्या १८५६ च्या अल्बममधली माणसे निनावी राहिली, त्याला परका कारभार हे कारण तरी होते. इथे तर आपणच आपल्या माणसांना विसरतो आहोत.

म्हणून माझे सुचवणे असे आहे. प्रत्येकाने घरातले शाळेचे फोटो आणावेत. मूळ फोटो कोणी ठेवून घेणार नाही, तिथल्या तिथे स्कॅन करून परत मिळेल. सहाशे डीपीआयला स्कॅन केला की मोठी प्रतही स्वच्छ निघते. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नये, दाबाने पुढे वळ उठतो. मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. रांगेप्रमाणे, डावीकडून उजवीकडे, शाळेतले पूर्ण नाव, आणि मुलींचे माहेरचे नाव आधी, सासरचे नंतर. शिपाईमामांचे आणि फोटोत न आलेल्या स्वयंपाकीण मावशींचेही नाव ठाऊक असेल तर लिहावे. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही स्कॅन करावा, त्यावरून साल ठरवता येते.

या फोटोंच्या मोठ्या प्रती करून शाळेच्या व्हरांड्यात लावू. दालनाचे भाडे नाही, आणि बघणारे रोज शेकडो. ज्यांना प्रत हवी असेल त्यांना ती विकत द्यावी, आणि छपाईचा खर्च वजा जाता उरलेला पैसा शाळेच्या ग्रंथालयाला द्यावा. ज्यांचे फोटो हौसेने काढलेले आहेत त्यांची परवानगी घेऊन खाली त्यांचे नाव छापावे. ज्यांना आपला फोटो लावायचा नसेल त्यांचे ऐकावे. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक गावाबाहेर कोणाकडे तरी राहावी. भीमेला पूर येतो आणि कपाटाला वाळवी लागते, हे आपल्याला नवीन नाही.

पुढची पिढी मोबाईलमध्ये हजारो फोटो घेऊन शाळेत येते. त्यांच्यासाठी वर्षाला एक स्पर्धा ठेवावी. विषय एकच असावा, म्हणजे आपले गाव, आणि अट एकच: फोटोबरोबर पाच ओळी लिहायच्या, त्यात कोण, कुठे आणि केव्हा हे आले पाहिजे. मराठीच्या सरांना आणि बाईंना परीक्षक करावे, कारण फोटो चांगला असेल तर दिसेलच, पाच ओळी तपासणारे हवेत.

समितीकडे एक वही ठेवली आहे. मेळाव्याच्या दिवशी जेवणाच्या मांडवाशेजारच्या टेबलावर ती असेल, शेजारी पेन्सिली असतील. जेवायला जाण्याआधी तिथे दोन मिनिटे थांबा, आणि आपल्या शेजारी कोण उभी होती, कोण उभा होता, तेवढे लिहून पुढे जा.